कोन, सासूबाई धरून

३ फेब्रुवारी, शनिवार

गाडी आज चार इंच उंच झाली. लिफ्ट किट बसवणाऱ्यांच्या दुकानातून ती बाहेर आली तेव्हा माझे डोळे भरून आले, पण ते रंगाच्या वासामुळेही असेल. चारही चाकांवरचे पोलादी पाटे नवे, शॉक अॅब्सॉर्बर नवे, चाकं एक नंबर मोठी. समोरच्या दातांच्या डॉक्टरची गाडी तीनच इंच उंच आहे. हे मी त्याला तोंडाने सांगणार नाही. त्याच्या गाडीशेजारी आपली लावली की झालं.

येताना दुकानावरून आलो. माझ्या चष्म्याच्या दुकानाची पाटी म्हणजे दोन मोठ्या काचांचा लोखंडी चष्मा, कित्येक वर्षं त्याच उंचीवर लटकतोय. गाडी उंच झालीये हे मला माहीत होतं, पाटीला नव्हतं. डावी काच गेली. दुकानातला माणूस म्हणाला, "राहू द्या साहेब, एका डोळ्याचंही गिऱ्हाईक येईल."

बायको खाली बघायला आली. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "छान आहे. आत चढायचं कसं?"

सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. त्या सध्या आमच्याकडे आहेत. मेहुण्याच्या घरात जुनी फरशी उखडून नवी बसवण्याचं काम काढलंय, ते मार्चअखेर संपेल, तोवर इथे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण सासूबाईंचं आणि माझं बोलणं "प्रवास ठीक झाला का" आणि "हो" यापुढे सरकलेलं नाही. बाई वाईट नाहीत. पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की शर्टाचं एखादं बटण उघडं राहिलंय असं वाटत राहतं.

४ फेब्रुवारी, रविवार

गाडी थरथरते.

पन्नासपर्यंत काही नाही. पन्नासच्या पुढे काटा गेला की खालून घर्रर्र सुरू होतं, आधी पायांत, मग सीटमध्ये, मग दाढांमध्ये. आरशात मागची एक गाडी तीन दिसते. चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर येतो. चष्मेवाल्याचाच चष्मा नाकावर टिकत नाही हे धंद्याच्या दृष्टीने बरं दिसत नाही.

किटवाल्यांना फोन केला. म्हणाले, "होईल सवय." गाडीला की मला, ते विचारायचं राहिलं.

७ फेब्रुवारी, बुधवार

कारण सापडलं. गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जो लांब दांडा फिरत जातो तो शाफ्ट. एक्सलच्या मधल्या गोळ्यातून पुढे डोकावतं ते पिनियन, शाफ्ट त्याला जाऊन मिळतो. गाडी उचलली की शाफ्ट घसरगुंडीसारखा तिरका होतो आणि पिनियनचा कोन चुकतो. एका व्हिडिओत एक दाढीवाला माणूस पाट्याखाली पोलादाची पाचर सारून पिनियनचं तोंड वर उचलतो, थेट शाफ्टच्या रेषेत. मग तो गाडी पळवतो आणि हसतो.

म्हणजे प्रश्न अंशांचा आहे. अंशांत मी आयुष्य काढलंय. लोकांच्या डोळ्यांतला वाकडेपणा कितव्या अंशावर आहे हे मी जेवता जेवता सांगतो. एका दांड्याचं काय घेऊन बसलात. पाचरी मागवल्या.

जेवताना बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मिस्त्रीला दाखवा." मी म्हणालो, मिस्त्रीला अंश कळत नाहीत, त्याला फक्त पाना कळतो. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या पाणी प्यायल्या.

१० फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर गाडीखाली. मुलीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोऱ्याने बांधलेला ओळंबा म्हणून एक नट, अशी सामग्री. दोन्ही हात अडकले आणि कोन वाचायला तिसरा हात लागला. बायको बाहेर गेली होती. वरून आवाज आला, "बॅटरी धरू का?"

सासूबाई स्टूल घेऊन खाली आल्या, गाडीशेजारी बसल्या आणि वाकून उजेड पाडत राहिल्या. अगदी माझ्या डोळ्यांत. दोन तासांत एवढंच बोलल्या, "पाचरीची जाड बाजू पुढे की मागे?" मी म्हणालो, "आई, ते तांत्रिक आहे." मग व्हिडिओ पुन्हा बघितला, कारण मलाही ते आठवत नव्हतं.

संध्याकाळी पाचरी बसल्या. पिनियनचं तोंड बरोबर शाफ्टच्या रेषेत. तोफेसारखं.

११ फेब्रुवारी, रविवार

चाचणी घेतली. सासूबाई म्हणाल्या, मीही येते, बॅटरी मी धरली होती. स्टूल लावून त्यांना चढवलं. पुढे बसा म्हटलं तर नको म्हणाल्या: "पुढे बसलं की तुम्ही ब्रेक कधी मारता ते दिसतं." मागच्या बाकावर उजवीकडे बसल्या, हातात पाण्याचा स्टीलचा पेला. म्हणाल्या, डोळ्यांना दिसतं ते खरं, अंगाला काय, काहीही वाटतं.

तीसलाच घर्रर्र सुरू झालं. पन्नासला गेलो तेव्हा टपावरचा दिवा सुटून बॉनेटवर आला.

"पाणी कसं आहे?" मी ओरडून विचारलं.

"कुठलं पाणी?" सासूबाई म्हणाल्या. पेला रिकामा होता.

मला वाटतं पाचरी बसायला वेळ घेत असाव्यात. नवे बूट लागतात तसंच.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

डॉक्टर इथल्या उंच गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष आहे. नव्या माणसाला सभासद करायच्या आधी ते त्याला शहराबाहेरच्या खडकाळ टेकाडावर गाडी चढवून दाखवायला लावतात. आज माझी पाळी होती. सासूबाईही निघाल्या. बायको म्हणाली, "आई, तू कशाला?" तर म्हणाल्या, "घरी बसून काय करू, टीव्ही थरथरत नाही."

अर्ध्या चढावर खाली असा आवाज झाला की जणू कुणीतरी लोखंडी जिन्यावरून तिजोरी सोडली. इंजिन गुरगुरतंय, चाकं ढिम्म. मी ब्रेक दाबून बसलो. लोकांनी चाकांमागे दगड लावले. शाफ्टच्या मागच्या टोकाचा सांधा, त्याला क्रॉस म्हणतात, तुटला होता आणि शाफ्ट पुढच्या टोकाला लोंबत होता. डॉक्टरने तो दोन बोल्ट काढून सोडवला आणि हातात घेऊन माझ्या खिडकीशी आला. त्याचे दात फार पांढरे आहेत.

"काय झालं?" तो म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत मागून सासूबाई म्हणाल्या, "मीच थांबवायला सांगितली. इथून खालचं छान दिसतं."

डॉक्टरने हातातल्या शाफ्टकडे बघितलं, मग खाली बघितलं. खाली खडीचा कारखाना आहे.

"घाई आहे का कुणाला?" सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर म्हणाला, "नाही नाही, बघा की."

मग सगळा क्लब दहा मिनिटं खडीचा कारखाना बघत उभा राहिला. त्यानंतर डॉक्टरने पट्टा लावून आम्हाला खाली ओढलं आणि तसंच घरापर्यंत आणलं. सासूबाईंना मी उतरून डॉक्टरच्या गाडीत बसायला सांगितलं, तर म्हणाल्या, स्टूल घरी राहिलंय. संपूर्ण रस्ताभर त्या मागे ताठ बसून होत्या, जणू पुढची गाडी आम्हीच भाड्याने आणलीये.

त्या असं धडधडीत खोटं का बोलल्या कळलं नाही. वयोमान असावं. बायकोला म्हटलं, जरा लक्ष ठेव.

१९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर दुकानात चष्मा दुरुस्तीला आला. सैल झालेला स्क्रू पिळून दिला. पैसे घेतले नाहीत. त्याने बाहेरच्या पाटीबद्दल काही विचारलं नाही, मी त्याच्या क्लबच्या सभासदत्वाबद्दल काही विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी मिस्त्रींकडे. बायकोने कुठूनतरी नाव काढलं. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक मांजर, आणि मिस्त्री. मिस्त्री माझ्याच वयाचे, पोट पुढे, बोलणं हळू. शाफ्ट बघितला, पाचरी बघितल्या आणि विचारलं, "हे कुणी लावलं?"

मी म्हणालो, "एक ओळखीचे आहेत."

सासूबाई खोकल्या.

मिस्त्रींनी कोपऱ्यातला एक जुना शाफ्ट काढला. दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे दोन्हीकडे मान वळवणारे सांधे. एक टोक माझ्या हातात दिलं, एक सासूबाईंच्या. मला एका खोक्यावर उभं केलं, कारण गाडी चार इंच उंच आहे. "मावशी, तुम्ही सरळ जावयांकडे बघा. साहेब, तुम्ही त्या भिंतीकडे. आता फिरवा."

मी फिरवलं. शाफ्ट झटके खात, अडखळत फिरला. सासूबाईंच्या बांगड्या वाजायला लागल्या.

"एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं भिंतीकडे, असं झालं की झटके," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या त्या ओळखीच्यांनी हेच केलंय. पिनियन बिचारं वर मान करून बघतंय, गिअरबॉक्स सरळ मागच्या भिंतीकडे बघतोय. व्हिडिओत बघितलं असेल. त्या व्हिडिओतल्या गाडीला वरच्या टोकाला डबल क्रॉस असतो, तिला चालतं. तुमची साधी आहे. आता मावशी, तुम्ही पण भिंतीकडे वळा. तुमचा वाकडेपणा आणि यांचा वाकडेपणा, दोन्ही सारखे पाहिजेत. मग एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो."

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. भिंतीवर टायरच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. शाफ्ट लोण्यासारखा फिरायला लागला.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या.

मिस्त्री मांजराला दूध द्यायला गेले तरी आम्ही जरा वेळ फिरवत होतो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज कोन बसवला. नवा क्रॉस, जुन्या पाचरी बाहेर, आणि मिस्त्रींनी स्वतः घासून बारीक केलेल्या नव्या पाचरी आत, जाड बाजू उलट दिशेला. मिस्त्रींकडे अंश मोजायचं एक छोटं यंत्र आहे, लोखंडाला चिकटतं आणि आकडा दाखवतं. माझा कोनमापक मी खिशातच ठेवला.

पाटे एक्सलला बांधून ठेवणारे यू-बोल्ट आवळायच्या आधी ते म्हणाले, "गाडी जमिनीवर पाहिजे आणि नेहमीचं वजन आत पाहिजे. वजनानं पाटे बसतात, पाटे बसले की कोन हलतो. गाडीत नेहमी कोण असतं?"

मी म्हणालो, "मी."

"आणि मी," सासूबाई म्हणाल्या. "मागे, उजवीकडे."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं. "कायम?"

"तुम्ही कोन लावा," सासूबाई म्हणाल्या.

मला सांगायचं होतं की त्या मार्चअखेर जाणार आहेत. पण त्या आधीच स्टूलवर चढल्या होत्या. मग मी पुढे, त्या मागे, असे आम्ही दुपारभर बसून राहिलो आणि मिस्त्री खाली पडून काम करत राहिले. मध्ये सासूबाईंनी शब्दकोडं काढलं. "उभा शब्द, चार अक्षरी, जबरदस्तीने राहिलेला पाहुणा." मला आला नाही. त्यांनाही आला नाही.

मिस्त्री बाहेर येऊन म्हणाले, "दोन्हीकडचा फरक शून्य. मावशी धरून."

घरी बायकोला हे सांगितलं. ती खुर्चीत बसून एवढी हसली की डोळे पुसायला लागली. म्हणाली, "म्हणजे आईने पाचर मारलीच शेवटी." मी समजावलं की पाचर मिस्त्रींनी मारली, आई फक्त वजन म्हणून बसल्या होत्या. पण हिला आता तांत्रिक गोष्टींत रस वाटायला लागलाय, हे चांगलं आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

सत्तर. पेल्यातलं पाणी हललं नाही. परत येताना ऐंशी. सासूबाईंनी तेच पाणी पिऊन टाकलं.

३ मार्च, रविवार

मिस्त्रींनी सांगितलंय की नव्या पाचरी बसवल्यावर थोडे दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. म्हणजे चालवणं भाग आहे. नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन आलो. वजन सारखं राहावं म्हणून सासूबाई होत्याच.

वाटेत त्यांनी विचारलं, "मलाच तीन-तीन दिवे का दिसतात, आणि प्रत्येकाला मिशा का असतात?" आल्यावर दुकान उघडून डोळे तपासले. त्यांचा नंबर कधीच बदललाय आणि चष्मा आठ वर्षं तोच आहे. एकोणीस वर्षांत मी त्यांच्या चष्म्याकडे बघितलंच नव्हतं. म्हणजे चष्म्याकडे बघितलं असेल, आरपार नाही.

त्यांनी निळी फ्रेम पसंत केली. मी म्हणालो, तपकिरी शोभेल. त्या म्हणाल्या, "तपकिरी शोभण्यात माझं आयुष्य गेलं."

१० मार्च, रविवार

पुन्हा पूल, मग पुलाच्या पलीकडे. बोल्ट बघितले, घट्ट आहेत. तरी पुढच्या आठवड्यात परत बघायला हवेत.

मागून बोललेलं नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मी आरसा असा लावलाय की रस्त्याऐवजी सासूबाई दिसतात. निळ्या फ्रेममध्ये त्या जरा वेगळ्या दिसतात. आज त्यांनी सासऱ्यांची गोष्ट सांगितली. सासऱ्यांनी एकदा स्कूटर घेतली होती. सासूबाईंनी शिकते म्हटलं तर ते म्हणाले, मी आहे ना. ते गेले, स्कूटर विकली, मग रिक्षा. "मी आहे ना म्हणणारे नंतर नसतात," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, गतिरोधक आलाय, आणि मी आरशात बघत असल्याने तो खरंच आला होता.

१७ मार्च, रविवार

मिस्त्रींना फोन करून विचारलं, चालक बदलला तर कोनावर परिणाम होतो का. ते म्हणाले, "कोण चालवणार आहे?" मी म्हणालो, केवळ माहितीसाठी.

खडीच्या कारखान्यामागे मोकळं मैदान आहे. सासूबाईंना पुढे बसवलं. पाय क्लचपर्यंत पोचेनात, म्हणून पाठीमागे दोन उशा. पहिल्या गिअरमध्ये गाडी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा सासूबाईंनी चप्पल काढली, गाडीला "चल गं" म्हणाल्या आणि गाडी चालायला लागली.

त्या फक्त उजवीकडेच वळत होत्या. मैदानाला गोल गोल चकरा मारत राहिल्या, पदर खोचलेला, ओठ मुडपलेले. मी म्हणालो, "आई, आता डावीकडे घेऊ." त्या म्हणाल्या, "डावीकडचं पुढच्या वेळी." कारखान्याचा वॉचमन बाहेर येऊन बघत उभा राहिला. प्रत्येक चकरेला सासूबाई त्याला हात करायच्या, आणि तो बिचारा प्रत्येक वेळी हात वर करायचा.

उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर थाप मारली. मीही. कोनात काही फरक जाणवला नाही.

३० मार्च, शनिवार

मेहुणा येऊन सासूबाईंना घेऊन गेला. फरशी झाली. तो म्हणाला, एकदम गुळगुळीत आहे, आईला आवडेल. सासूबाई म्हणाल्या, "गुळगुळीत म्हणजे घसरायची सोय."

मी बॅगा खाली नेऊन दिल्या. मेहुण्याची गाडी खूप बुटकी आहे, स्टूल लागलं नाही. निघताना सासूबाईंनी मला म्हटलं, "बोल्ट बघत जा." मी म्हणालो, "हो."

घर मोकळं झालं. बाथरूम सकाळी लगेच मिळेल. बरं आहे.

३१ मार्च, रविवार

गाडी थरथरते.

पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. साठला नक्की जाणवलं, आणि एकदा लाल सिग्नलला उभा असतानाही. घरी येऊन कंपासमधल्या कोनमापकाने मोजलं. दीड अंशाचा फरक. उघड आहे: कोन सासूबाई धरून लावला होता. त्या गेल्या, पाटे वर आले, पिनियनने मान वळवली. शास्त्र आहे, त्याला कोण काय करणार.

३ एप्रिल, बुधवार

मिस्त्रींनी गाडी चालवून बघितली. ऐंशीपर्यंत नेली, हात सोडून बघितलं, डोळे मिटूनही बघितलं, ते मला आवडलं नाही. म्हणाले, "साहेब, काही नाही हो. एका माणसाच्या वजनानं पाव अंश हलला तर खूप झालं."

मी माझा दीड अंश सांगितला. त्यांनी माझा कोनमापक हातात घेतला, उलटा केला, त्यावर कोरलेलं मुलीचं नाव वाचलं आणि परत दिला.

"नुसत्या तुमच्या वजनावर कोन पुन्हा लावून देऊ?" ते म्हणाले.

मी म्हणालो, इतक्यात नको. घाईत निर्णय नको.

६ एप्रिल, शनिवार

दुसरा उपाय केला. सासूबाईंच्या वजनाची वाळू, तीन पोत्यांत भरून, मागच्या बाकाच्या पाठीमागे उजवीकडे ठेवली. वजन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आईचं वजन मी कशाला सांगू?" मग अंदाजाने भरली.

पुलापर्यंत गेलो. थरथर कमी आहे हे मान्य करायला हवं. पण बरोबर नाही. वाळू वळणावर कलत नाही, सासूबाई कलतात. त्यामुळे वजनाची वाटणी चुकते. शिवाय आरशात पोती दिसतात.

बायकोने विचारलं, "मग? जमलं?" मी म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या जमलं, पण काहीतरी राहतंय. ती म्हणाली, "पोत्यांशी बोलून बघितलंत का?"

तिच्याशी गंभीर विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

७ एप्रिल, रविवार

कुठे गेलो नाही. डॉक्टर भेटला, म्हणाला, पुढच्या चाचणीला या, आणि आजींना आणा, सगळे विचारतात. मी म्हणालो, गाडीचा कोन ठीक नाही.

१४ एप्रिल, रविवार

मेहुण्याकडे जाऊन आलो. तीन तास जायला, तीन तास यायला.

बायकोला सकाळीच सांगितलं होतं की हा प्रश्न असा सुटणार नाही, मूळ वजन आणावं लागेल. ती म्हणाली, "जा. मी फोन करून ठेवते." मी म्हणालो, आधी सांगू नकोस, मला नीट समजावून सांगायचंय. यासाठी मी शाफ्टची आकृती काढून नेली होती, दोन्ही कोन वेगवेगळ्या रंगांत.

मेहुण्याच्या घरी फरशी खरोखर आरशासारखी आहे. मी मोज्यांवर सोफ्यापर्यंत घसरतच पोचलो. आकृती पसरली आणि पहिल्यापासून सांगितलं: पाटे, पिनियन, मिस्त्री, पोती. मेहुणा बँकेत आहे, त्याला शांतपणे ऐकायची सवय आहे. शेवटी म्हणाला, "म्हणजे गाडी नीट चालावी म्हणून तुम्हाला आई पाहिजे?"

"मागे, उजवीकडे," मी म्हणालो.

"किती दिवस?"

तेवढ्यात आतून आवाज आला, "फरक किती येतोय?"

"दीड अंश," मी म्हणालो.

"तरीच," सासूबाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. निळा चष्मा, पायात बाहेरच्या चपला. बॅगा दाराशी भरूनच ठेवलेल्या होत्या. मला वाटतं, गेल्यापासून त्यांनी त्या उघडल्याच नसाव्यात. या वयात आळस येतो माणसाला.

मेहुण्याने बॅगा गाडीत ठेवल्या. मग तो आणि मी जरा वेळ रस्त्यावर उभे राहिलो. तो म्हणाला, "इथे ती दिवसभर खिडकीत बसते हो. काय पाहिजे विचारलं तर काही नको म्हणते. तुमच्याकडे काय करते?"

मी विचार केला. "विशेष काही नाही," मी म्हणालो. "बोल्ट बघते."

परतीचा प्रवास उत्तम झाला. गाडी अशी चालली की जणू रस्त्याला तेल लावलंय. मी त्यांना पाटीवरच्या फुटक्या काचेबद्दल सांगितलं, ती बदलायची की तशीच ठेवायची हे अजून ठरत नाही ते सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं. माझ्या वडिलांनी मला चष्म्याच्या धंद्यात कसं घातलं, आणि मला खरं तर इंजिनं उघडायची होती, हे पण सांगितलं, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मध्ये एका ठिकाणी चहाला थांबलो. पुढच्या रविवारी मैदानावर डावीकडे वळायचं, हे नक्की झालं.

घरी पोचल्यावर बायको खाली आली. आईच्या गळ्यात पडली, मग बॅगा काढायला मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "अहो, ही पोती कशाला आणलीत परत?"

तेव्हा लक्षात आलं. वाळू काढायची राहिलीच होती. तीन पोती, शिवाय सासूबाई, शिवाय दोन बॅगा. म्हणजे मागे दुपटीहून जास्त वजन. पाटे पार दबलेले असणार, कोन पार बिघडलेला असणार. हिशेबाने गाडी येताना खडखडून थरथरायला हवी होती. तीन तासांत मला एकदाही काही जाणवलं नाही. हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

सासूबाई स्टूलवरून उतरत होत्या. हात धरून त्यांना विचारलं, तुम्हाला मागे काही जाणवलं का.

"थरथरत होती की," त्या म्हणाल्या. "निघाल्यापासून. तुम्ही बोलत होतात."